तुम्ही विचारलंत म्हणून: भुजा गुंडाळून का जात नाहीत?

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली की कोणी ना कोणी विचारतंच, "काका, दीर्घिका एवढी फिरते, मग तिच्या भुजा गुंडाळून कशा जात नाहीत?"

शंका रास्त आहे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, आणि भुजा म्हणजे काही दीर्घिकांत मध्यापासून बाहेर वळत गेलेले तेजस्वी पट्टे. दीर्घिका एकसंध फिरत नाही. आतले-बाहेरचे तारे साधारण सारख्याच वेगानं धावतात. आपला सूर्य सेकंदाला सुमारे 230 किलोमीटर. बडोदेकरांना हे नवरात्रात बघता येईल. गरब्याच्या मैदानात मध्यापासून कडेपर्यंत एका रेषेत लाल ओढणीवाल्या उभ्या करा. चाल सगळ्यांची सारखी, पण आतलीचा फेरा छोटा, तो आधी पुरा होतो. चार-दोन फेऱ्यांत रेषेचं वेटोळं! सूर्याचे तर जन्मापासून वीसेक फेरे झालेत. भुजा म्हणजे त्याच त्या ताऱ्यांची रांग असती, तर एव्हाना तिचा मागमूस उरला नसता.

भुजा ही मैदानातली दाटी आहे. खेळणारे तिच्यात शिरतात, जरा रेंगाळतात, पुढे निघून जातात. दाटी राहते, तीही आपल्या वेगळ्या, संथ चालीनं सरकत. 1964 साली लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी ही 'घनता तरंगा'ची कल्पना गणितात बसवली. त्याआधी स्वीडनचे खगोलशास्त्रज्ञ बर्टिल लिंडब्लाड कित्येक वर्षं याच वाटेवर होते, पण त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

दाटीत वायू दाबला जातो, नवे तारे जन्मतात. त्यातले निळे, अवजड तारे कोटीभर वर्षांत संपतात. लांब जायला त्यांना सवडच मिळत नाही. भुजेची झळाळी त्यांचीच. पण फोटोवर भुलू नका, भुजांमधली जागा काही रिकामी नसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात जुने तारे दिसतात, तेव्हा हा फरक बराच कमी होतो.

आता एकच तरंग अब्जावधी वर्षं टिकतो का? मला नाही पटत. 1984 मध्ये सेलवुड आणि कार्लबर्ग यांनी संगणकावर दीर्घिका फिरवून पाहिल्या. भुजा उमटायच्या आणि विरायच्या. प्रत्येक भुजा ताऱ्यांच्या कक्षा थोड्या विस्कटून जाते, मग नवी दाटी जमणं अवघड होतं. थंड वायूची भर पडत राहिली, तरच नव्या भुजा उमटत राहतात. मसुराच्या आकाराच्या म्हणतात त्या दीर्घिकांत ताऱ्यांची चपटी तबकडी शाबूत असते, वायू जवळपास संपलेला असतो आणि भुजा नसतात.

सप्तर्षींतल्या मरीचीजवळच्या एम 51 या दीर्घिकेचं प्रकरण जरा निराळं. तिच्या दोन ठसठशीत भुजांमागे शेजारच्या छोट्या दीर्घिकेची ओढ आहे. टूम्रे बंधूंनी 1972 मध्येच ते गणितानं दाखवलं होतं.