सल्ला देत नाही, मग तासभर करता काय?

कोचिंग करते (क्लासमधलं नव्हे, माणसाला आपल्या अडचणीवर स्वतःच विचार करायला मदत करायचं काम) म्हटलं की हा प्रश्न येतोच, नातेवाइकांकडून तर हमखास, की सल्ला देत नाही, उपाय सांगत नाही, मग काय नुसतं ऐकायचे पैसे घेता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, हो, बराच वेळ ऐकतेच, आणि माझ्या मते कामाचा मुख्य भाग तोच आहे.

कारण माणूस सुरुवातीला जे सांगतो तो बहुतेक वेळा खरा विषय नसतोच. एक टीम लीड मुलगी आली होती (तपशील बदललेत), म्हणाली प्रमोशन नकोय, मॅनेजरला कसं सांगू ते शिकवा. आता इथे अगदी ओठांवर येतं की अगं नको कशाला, चांगली संधी आहे! मी गप्प राहिले. ती पेनाचं टोपण काढत घालत होती, मग म्हणाली "तसं नकोच असं नाही..." आणि थांबली. मी तेवढंच परत म्हटलं, नकोच असं नाही. मग हळूहळू निघालं की ज्यांच्यासोबत रोज डबा खाते त्यांचंच अप्रेझल आता तिला करावं लागणार होतं आणि त्या विचाराने तिची झोप उडाली होती. मी नकाराची वाक्यं शिकवली असती तर ती जाऊन म्हणालीही असती.

जज न करणं म्हणजे हो ला हो करणं नाही हं. आणि जजमेंट फक्त नावं ठेवण्यातच असतं असंही नाही, "अरे वा, मस्त केलंस" हेसुद्धा जजमेंटच, एकदा शाबासकी मिळाली की पुढच्या वेळी माणूस आपल्याला आवडेल तेच सांगायला लागतो आणि फसलेलं सगळं मागे ठेवतो. भुवई जरा वर गेली तरी समोरच्याला कळतं.

लोक म्हणतात, असं बोलू दिलं तर माणूस थांबणारच नाही. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटींची रेकॉर्डिंग्ज तपासली होती, १९८४ साली ते छापून आलं, त्यात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला मध्येच तोडत होते, आणि ज्यांना पूर्ण बोलू दिलं त्यांच्यातल्या कुणालाच अडीच मिनिटांच्या वर लागली नव्हती! एवढाच वेळ लागतो हो, तेवढाही आपण देत नाही.

सल्ला कधीच देत नाही असं मात्र नाही. ऐकता ऐकता लक्षात येतं की हे कोचिंगचं काम नाहीये, कुणी जगण्यातच अर्थ नाही असं बोलायला लागलं तर मी प्रश्न विचारत बसत नाही, सरळ सांगते की सायकिअॅट्रिस्टकडे जायचंय, आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिथल्या तिथे लावायला लावते, तो फ्री आहे आणि २४ तास चालू असतो.