उजळणीत फवारणीचं माहितीपत्रक

शनिवार, जून संपत आला. रात्रीचे साडेदहा, लाईट आत्ता आली.

आमच्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उशिराच उघडतात, बाकी महाराष्ट्रात पोरं जूनच्या मध्यावर वर्गात बसलेली असतात आणि इथे शेवटचा आठवडा उजाडतो. उन्हाळाभर पुस्तक हातात धरलेलं नाही, लगेच नवा धडा कुठे काढता, म्हणून सहावी ते आठवीची भाषेची उजळणी घेतली. वहीत वाचन, लेखन, चर्चा, व्याकरण असे चार रकाने आखले होते, दुसऱ्याच दिवशी सगळे एकात एक मिसळले.

सातवीचे पोट्टे वाचतात खडखडीत, विनाथांबा एसटीसारखं, स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. पण मधेच विचारलं की काऊन असं केलं त्यानं, तर तोच परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवतात. उत्तर कोणत्या वाक्यात आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही. मग मी धडा ठेवला बाजूला आणि कीटकनाशकासोबत घडी करून येतं ना ते बारीक अक्षरातलं माहितीपत्रक, त्याची मोठी झेरॉक्स काढून वाटली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ला फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली तेव्हा ही लेकरं अंगणवाडीत असतील, पण पंप घरोघरी आहे, वास सगळ्यांच्या ओळखीचा.

डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण रंगीत असतो, लाल, पिवळा, निळा, हिरवा, लाल सगळ्यात जहाल आणि मग उतरत उतरत हिरवा. एकजण म्हणे, "हिरवा म्हंजे चांगलं म्याडम, प्याले बी चालते." वर्ग हसला, पण अर्ध्यांना मनातून तसंच वाटत होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. म्हटलं शोधा, कुठे लिहिलंय चांगलं म्हणून? पहिल्यांदाच सगळी मुंडकी कागदात. एका पोरीनं शोधून काढलं की हिरव्यालाही 'सावधान' आहेच, म्हणजे विष कमी आहे, विष नाही असं नाही. हे असं वाचन मला हवं होतं.

व्याकरण तर त्यातच सांडलेलं होतं. हातमोजे वापरावेत, डबा मुलांपासून दूर ठेवावा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नये. 'करावं', 'करू नये' सांगणाऱ्या या विध्यर्थाची व्याख्या यांना पाठ आहे पण तो असा औषधाच्या कागदावर भेटतो हे माहीत नव्हतं. मग म्हटलं हेच घरी बाबांना कसं सांगाल? आज्ञार्थ आला, आणि लगेच अडला, कारण "मी माह्या बापाले फवारू नका म्हनू का, मार खाईन ना!"

तिथून चर्चा पेटली. आठवीच्या पोरानं फवारणीला जावं का? नियम एकच ठेवला, आपलं म्हणायच्या आधी समोरचा काय म्हणाला ते त्याला पटेल असं सांगायचं. हे फार जड जातं पोरांना (मोठ्यांनाही जातं, ग्रामसभा बघा). पण त्याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. नंतर लिहायला दिलं तेव्हा नेहमीचं 'आणि मग, आणि मग' कमी झालं, 'पण', 'कारण', 'तरी', 'जर-तर' वहीत उतरले. उभयान्वयी अव्यय मी किती वर्षं तक्ता लावून शिकवतेय, तोंडी भांडल्याशिवाय ते हातात येत नाही असं दिसतं. एकीनं लिहिलं, "मजूर मिळत नाही म्हणून बाबा दादाला नेतात, तरी आई दर वेळी नाही म्हणते." सहावीची आहे ती. त्या 'तरी'खाली मी दोन रेघा मारल्या.

शुद्धलेखन अर्थात दणक्यात चुकलंय. पीक-पिकाला, फूल-फुलाला हे कळलंय, इतकं कळलंय की सगळ्यांनी 'वीष' लिहिलं. चूक हुशारीची आहे, नियम बरोब्बर लावला, फक्त विष तत्सम आहे, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, हे त्यांना कुठून माहीत असणार. सोमवारी घेईन. 'मले', 'शाया' (मला, शाळा) हे बोलीतले शब्द मात्र पहिल्या मसुद्यात खोडत नाही, बोलणाऱ्याच्या तोंडी ठेवते, अर्जात चालणार नाही एवढं सांगते. लाल पेनानं पान भरलं की पुढच्या वेळी पोरगं तीनच ओळी लिहितं.

सोमवारी आठवीला औपचारिक पत्र द्यायचंय, गावात फवारणीसाठी हातमोजे नि मास्क मिळावेत म्हणून. मायना कोणाच्या नावानं, सरपंचांच्या की सहायक कृषी अधिकाऱ्यांच्या (आधीचे कृषी सहायक), यावर शाळा सुटेपर्यंत वाद चालला होता. दोन्ही बाजूंनी दोन पत्रं आणायला सांगितलीत.