ती खोली

आज समुपदेशनाच्या सत्रात त्या खोलीची मांडणी प्रथमच नीट पाहिली. दोन्ही खुर्च्या समोरासमोर नसून किंचित तिरक्या ठेवलेल्या आहेत, त्यामुळे बोलणे जड जाते तेव्हा सहज खिडकीबाहेर पाहता येते. घड्याळ मात्र माझ्या पाठीमागे, मॅडमना दिसेल असे आहे, म्हणजे वेळेची काळजी त्यांची आणि बोलणे माझे. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मला बंद दाराआड फक्त स्वतःविषयी बोलण्याचा सुरुवातीला फार संकोच वाटे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, आणि जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास तो पाळावाच लागतो, याचा मला मोठा आधार आहे. मॅडम म्हणाल्या, इथे ऐकलेले घरी कुणापाशीही बोलता येत नाही, म्हणून ते पेलण्यासाठी त्यांनाही हीच खोली लागते.