गुलाबी रंग उडायला दुप्पट वेळ लागला

डिसेंबरातली टी.वाय.ची प्रॅक्टिकल परीक्षा. नाशकात थंडीत सकाळी टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलची बाटली उघडली की आत दगड असतो, ते 25 अंशांच्या आसपासच गोठतं. म्हणून आदल्या दिवशी बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवली, वितळल्यावर कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) घालून सेपरेटिंग फनेलमध्ये हलवलं, मधूनमधून फनेल उलटं धरून नळ उघडून प्रेशर सोडलं, वरचा थर वेगळा काढून धुतला, सुकवला, 51 अंशांना डिस्टिल केला. झालं टर्शरी ब्युटाइल क्लोराईड. हे मी आणि आमच्या लॅब असिस्टंट काकांनी केलं, आणि काकांइतका स्वच्छ थर काढणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात बघितला नाही.

प्रयोग साधा. क्लोराईड फुटण्याचा वेग कॉस्टिक सोड्यावर अवलंबून आहे का ते बघायचं; नसेल तर ती वाट एसएन वन, असेल तर एसएन टू. ॲसिटोनमधलं 0.1 मोलर क्लोराईड 3 मिली, दुसऱ्या कोनिकल फ्लास्कमध्ये 0.1 मोलर कॉस्टिक 0.3 मिली, पाणी 6.7 मिली आणि कॉस्टिक असेपर्यंत गुलाबी राहणाऱ्या फिनॉल्फथॅलिनचा थेंब. एकत्र ओतायचं, स्टॉपवॉच चालू, गुलाबी रंग उडाला की बंद. कॉस्टिक क्लोराईडच्या एक दशांश, म्हणजे दहा टक्के क्लोराईड फुटून सुटलेल्या एचसीएलनं ते संपवायला लागलेला वेळ मिळाला.

निफाडकडची एक मुलगी होती. रात्री पारा घसरला म्हणून घरच्यांसोबत द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत जागली होती, तशीच सकाळच्या एसटीने आली. पण तिनं दोन्ही कोनिकल 25 अंशांच्या पाण्याच्या टबात ठेवून मगच रीडिंग घेतलं. हे बाकी कुणी केलं नाही, आणि नाशिकच्या थंडीत दहा अंश कमी झाले की वेळ दुपटीच्याही वर जातो. तिचं रीडिंग आलं 41 सेकंद. मग कॉस्टिक दुप्पट, 0.6 मिली, आणि पाणी आठवणीने 6.4, कारण पाण्याचं प्रमाण वाढलं की रिॲक्शन जोरात पळते. आले 87 सेकंद.

व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी जर्नल बघितलं. "एसएन वन आहे ना? मग बेसचा, म्हणजे कॉस्टिकचा, परिणाम नाही. वेळ सारखाच यायला हवा. हे रीडिंग चुकलंय."

ती म्हणाली, "सर, वेग सारखाच आहे. कार्बन-क्लोरीनचा बाँड आपोआप तुटतो, तीच हळू स्टेप, मग उरलेल्या धन भाराच्या तुकड्याला, कार्बोकॅटायनला, पाणी लगेच पकडतं आणि एचसीएल सुटतं. कॉस्टिक फक्त ते एचसीएल मारतं. दुप्पट कॉस्टिक मारायला दुप्पट एचसीएल लागणार, म्हणून वेळ वाढला. एसएन टू असतं तर कॉस्टिकमधल्या हायड्रॉक्साइडनं मागून धक्का देऊन क्लोरीन काढला असता, मग कॉस्टिक वाढवल्यावर वेगच वाढला असता."

तिचं शब्द न शब्द बरोबर होतं. 1930 च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ह्यूज आणि इंगोल्ड यांनी अशा वेगांवरूनच या दोन वाटा वेगळ्या केल्या, आणि ही पोरगी तेच स्वतःच्या रीडिंगवरून बोलत होती. सर म्हणाले, पाठ केलेलं सांगू नकोस, आणि मार्क कापले.

मी बाजूलाच बसले होते. इंटर्नल एक्झामिनर मी. मी काहीच बोलले नाही. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे, दरवर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, आणि एक्स्टर्नलशी वाद घातला की ते वरपर्यंत जातं हे सगळ्यांना माहिती आहे. पण ती माझ्याकडे बघत होती. मी एकदाच बघितलं, मग खाली बघून सही केली.

संध्याकाळी जर्नल आवरताना मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. दहा टक्के आणि वीस टक्के, लॉग घेऊन वेळेचं गुणोत्तर 2.12 काढलेलं. 41 गुणिले 2.12 म्हणजे 86.9. नेमकं दुप्पट का नाही आलं तेही तिनं शोधलं होतं, क्लोराईड कमी होत जातं तसा वेग मंदावतो. खाली एक ओळ, "0.9 मिलीला 139 यायला पाहिजे."

पुढच्या सोमवारी लॅब रिकामी असताना मी आणि काकांनी लावून बघितलं. 0.9 मिली कॉस्टिक, 6.1 पाणी, टब 25 वर. काकांनी स्टॉपवॉच धरलं. 140 सेकंद.

मार्क तोवर भरून झाले होते. ते पान मी फाडून पाकिटात ठेवलंय, आमचं रीडिंग तिच्या ओळीखाली लिहून. तिला फोन करायचाय.