आमच्या माळावर आयुष्य काढलेली माणसं

आमचं गाव संगमनेर तालुक्यातल्या पठारावरचं. पावसाच्या छायेतला मुलूख, मुरमाड माळ, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं भरायचं पाणी. 1972 च्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायच्या कामावर गेले आणि मला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. आम्ही धनगर, घरचे देव खंडोबा आणि बिरोबा. "पोरगं बाटवतील," असं पाहुण्यारावळ्यांनी वडिलांना बजावलं होतं. वडिलांनी ते फादरना तोंडावरच विचारलं. फादर म्हणाले, "त्याला आधी पोटभर जेवू द्या, मग शिकू द्या. देव तुमचा तुमच्याकडेच राहील." पुढे शाळा सुटेपर्यंत मला जेजुरीला जायला दरवर्षी रजा मिळाली.

बोर्डिंगात सकाळी प्रार्थना, मग झाडलोट, मग अभ्यास. शिस्त कडक होती, तिच्याबद्दल शाळेच्या या स्मरणिकेत इतरांनी लिहिलंच असेल. मला लिहायचं आहे ते दवाखान्याच्या ओसरीबद्दल.

तेव्हा आमच्याकडे नारू होता. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी प्यायलं की वर्षभरानं पायाला फोड यायचा आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा. सिस्टर तो काडीला गुंडाळायच्या. रोज थोडासाच ओढायचा, पट्टी बांधायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाई केली आणि आत तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायचा. म्हणून ऐन पेरणीत आडवी झालेली माणसं त्यांच्यासमोर पाय पसरून बसत आणि सिस्टर मान खाली घालून, श्वास रोखून काडी फिरवत. जवळ जायला घरचे लोकही नाक मुरडत अशा त्या जखमा होत्या. पट्टी झाली की त्या बाईमाणसांना धोतराचं फडकं चौपदरी करून पाणी गाळायला शिकवत आणि संध्याकाळी विहिरीवर जाऊन कुणी पाण्यात पाय घालून उतरत नाही ना, ते स्वतः बघत. त्या केरळच्या होत्या. आई वारल्याची तार त्यांना मिळाली ती याच ओसरीवर. अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. त्या कपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात गेल्या आणि थोड्या वेळानं परत येऊन राहिलेल्या पट्ट्या बांधल्या.

नगर जिल्ह्यातल्या मिशनचा विषय निघाला की फादर हर्मन बाखर यांचं नाव निघतंच, आणि ते निघायलाच हवं. स्वित्झर्लंडचे हे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू 1948 साली भारतात आले आणि त्यांनी उभी हयात इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी वेचली. नुसत्या विहिरी खोदून भागणार नाही, डोंगरावर पडलेला पाऊस डोंगरातच मुरला पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. त्यातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाची बँक त्यात आली, आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली. आमच्याच तालुक्यातल्या दरेवाडीत 1996 ला काम सुरू झालं. टँकरची वाट बघणारं गाव होतं ते.

कामाची रीत माथा ते पायथा. आधी वरच्या उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खणलेले चर, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारे. सोबत कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. चराईबंदीचा पहिला घाव आम्हा मेंढरं राखणाऱ्यांवर बसतो, हे मी धनगर म्हणून स्पष्ट सांगतो. त्यामुळे गावोगावच्या बैठका सोप्या नव्हत्या. पैसा बाहेरून आला, असं काही जण म्हणतात. आला, आणि मोलाचाही होता. पण पैसा गावातली भांडणं मिटवत नाही. त्यासाठी रात्री अकरापर्यंत देवळाच्या पायरीवर बसून मेंढपाळाचं म्हणणं ऐकून घेणारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात पुन्हा जाणारी माणसं लागतात. तो धीर या मंडळींकडे होता. फादर बाखर उतारवयात मायदेशी परतले आणि 2021 साली तिथेच वारले.

हा धीर जुना आहे. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं इथल्या जर्मन धर्मगुरूंना स्थानबद्ध केलं, मायदेशी धाडलं. मागे राहिलेल्यांनी मिशन चालू ठेवलं. पुढे वसई, गोवा, मंगळूर, केरळ इथून आणि आपल्याच जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांतून फादर-सिस्टर आले. त्यांच्यावर लेख आले नाहीत की त्यांचे सत्कार झाले नाहीत. बदलीचं पत्र आलं की एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन ते एसटीत बसत. पुढच्या गावी पुन्हा तोच दवाखाना, तेच वर्ग.

स्मरणिका समितीला माझी एक विनंती आहे. मुख्याध्यापकांची यादी आपण छापतोच आहोत. तिच्यासोबत बोर्डिंग, दवाखाना आणि भटारखाना सांभाळणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर यांचीही यादी छापावी. मूळ गाव, इथे आले ते साल आणि आज कुठे आहेत किंवा कुठे पुरले आहेत, एवढं आलं तरी चालेल. मला आठवली तेवढी नावं मी लिहून दिली आहेत. बऱ्याच जणांची आडनावं मला ठाऊक नाहीत. ज्यांना ठाऊक असतील त्यांनी छपाईपूर्वी कार्यालयात कळवावीत.