सरे नावाची घोडागाडी

सरे म्हटलं की आमच्या बेळगावातल्या पोरांना क्रिकेटच आठवतंय, १८४५ साली निघालेला क्लब आणि लंडनचं ओव्हल मैदान, पण सरे ही घोडागाडी पण हाय बघा. चार चाकं, दोन बाकं, दोन्ही पुढं तोंड करून, म्हणून चौघं आरामात बसायची, काही गाड्यांना वर झालरीचं छत असायचं, १९ व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत घरच्या लोकांना घेऊन फिरायला लय चालायची, नाव मात्र इंग्लंडातल्या सरे परगण्यावरनं आलेलं. आपला टांगा दोन चाकांचा, मागच्यानं मागं बघतच बसायचं. खडेबाजारातल्या गर्दीत वळायला टांगाच बरा! पण खानापूरसारख्या लांबच्या वाटंला मला सरेच आवडली असती, म्हाताऱ्या माणसांना उलटं बसून धक्के खावे लागले नसते की ओ.