आमची वाटचाल : करडईच्या गिरणीपासून सोयाबीनच्या व्यापारापर्यंत

वडिलांनी 1986 मध्ये लातूरच्या मोंढ्याजवळ दोन एक्स्पेलर (बी दाबून तेल काढणारी यंत्रे) बसवून तेलगिरणी सुरू केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान हाती घेतले होते. खाद्यतेलाची आयात तेव्हा सरकारच्या मुठीत असल्याने करडई आणि सूर्यफुलाला भाव मिळे, गिरणीलाही माल कमी पडत नसे.

आर्थिक सुधारणांची चर्चा 1991 पासून कानावर येत होती. आम्हाला तिची झळ बसली ती 1994 मध्ये पामोलिनची, म्हणजे शुद्ध केलेल्या पामतेलाची, आयात खुली झाल्यावर. सुरुवातीला 65 टक्के असलेले आयातशुल्क 1998 पर्यंत 15 टक्क्यांवर आले आणि आमचे हॉटेलवाले गिऱ्हाईक सर्वांत आधी पामोलिनकडे वळले. करडई मागे पडण्याचा सगळा दोष आयातीवर टाकणे मात्र योग्य नाही. काटेरी पीक असल्याने हातापायांना फडकी गुंडाळून काढणी करावी लागे आणि त्या कामाला मजूर मिळेनात. उलट शंभरेक दिवसांत निघणारे सोयाबीन रब्बीच्या हरभऱ्यासाठी रान मोकळे करून देई. शेतकऱ्याचा हिशेब चोख होता.

अडचण आमची झाली. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18 ते 20 टक्के असते, एक्स्पेलरने दाबले तरी त्यातले बरेच पेंडीत राहते आणि ते पूर्ण काढण्यासाठी लागणारा सॉल्व्हंट प्लँट (द्रावकाने तेल काढणारा कारखाना) उभारणे छोट्या गिरणीच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून आम्ही एक एक्स्पेलर विकला, चाळणी यंत्र बसवले आणि माती-काडी व ओलावा तपासून मोठ्या प्लँटना सोयाबीन पुरवू लागलो. राहिलेल्या एक्स्पेलरवर आजही थोडी करडई गाळतो.

या धंद्यात भाव लातूरच्या सौद्यात पुकारला जात असला तरी तो ठरतो बराचसा बाहेरच. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयातशुल्क लागले, तरी सोयाबीन क्विंटलला 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले, कारण दाण्याचा मोठा हिस्सा पेंडीचा आणि पेंडीला उठाव नव्हता. इथेनॉल कारखान्यांतून निघणारा स्वस्त चोथा पशुखाद्यात तिची जागा घेत होता. मे 2025 मध्ये ते शुल्क 10 टक्क्यांवर आणले गेले. एका अधिसूचनेने गोदामातल्या मालाची किंमत बदलते, म्हणून हंगामाचा माल आम्ही एकदम भरत नाही. प्लँटची मागणी हाती असेल तेवढीच खरेदी करतो आणि आडत्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते करतो.